मंडळीच्या शिबिर केंद्राचा इतिहास लिहिताना : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुवर्णमहोत्सव जवळ आला की पंचकमिटीत ठराव होतो : स्मरणिका काढायची. मग कपाटं उघडतात, वाळवी लागलेली रजिस्टरं निघतात आणि पहिल्याच बैठकीत स्थापनेच्या वर्षावरून दोन तट पडतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून, म्हणजे स्थानिक चर्चकडून, या कामात जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

आमच्या जागेला कोणी रिट्रीट सेंटर म्हणतं, कोणी कॅम्प, कोणी कन्व्हेन्शनचं मैदान. खरं नाव कोणतं?

तुमच्या सर्वांत जुन्या कागदावर जे असेल ते. पण हे शब्द एकाच गोष्टीची तीन नावं नाहीत, हे लिहिणाऱ्याला माहीत असावं.

रिट्रीट म्हणजे एकांत. तिचं मूळ कॅथलिक परंपरेत आहे. लोयोलाच्या इग्नेशियसने आखलेल्या साधनेला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण ३० दिवसांची असते आणि तिचे चार ‘आठवडे’ पाडलेले असतात. त्यात मौन असतं, मार्गदर्शक असतो, भाषणबाजी नसते. कन्व्हेन्शनचं नेमकं उलटं : मोठा मंडप, बाहेरून आलेले वक्ते, गाणी, गर्दी. इंग्लंडमध्ये केझिकला १८७५ मध्ये तंबूत अशी सभा भरली आणि तिचा नमुना मिशनऱ्यांबरोबर जगभर गेला. केरळात पंपा नदीच्या वाळवंटात १८९५ पासून भरणारं मारामोन कन्व्हेन्शन आपल्या देशातलं सर्वांत ठळक उदाहरण. तिसरी धारा प्रशिक्षणाची. अमेरिकेत शटॉक्वा इथे १८७४ मध्ये तळ्याकाठी संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले, तर ड्वाइट मूडी यांनी १८८० मध्ये नॉर्थफील्डला परिषदा भरवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बाड बोल इथे १९४५ मध्ये अकादमी उभी राहिली. तिथे वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं समाजाच्या प्रश्नांवर बोलायला जमू लागली. चर्चने चालवलेलं आजचं ‘कॉन्फरन्स सेंटर’ या वळणाचं.

आणि आश्रम वेगळा : तिथे माणसं सभेपुरती जमत नाहीत, एकत्र राहतात. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त प्रेम सेवा संघ सुरू केला, पुढे त्याचा आश्रम पुण्यात आला. नैनितालजवळ सातताल इथे १९३० मध्ये स्टॅन्ली जोन्स यांचा आश्रम सुरू झाला.

आपल्याकडच्या बहुतेक जागा या सगळ्यांची खिचडी आहेत : मिशनचा बंगला, त्याच्या आवारात सभेचा मांडव, नंतर तरुणांचं मे महिन्यातलं शिबिर. म्हणून एकच लेबल चिकटवू नका. नाव कधी बदललं ते शोधा. नाव बदलण्याआधी सहसा काहीतरी बांधलेलं असतं. खोल्या आणि संडास झाले की ‘कॅम्प’चं ‘सेंटर’ होतं.

‘अलायन्स मिशनने स्थापना केली’ एवढं लिहिलं तर पुरे का?

पुरे नाही. खान्देशातल्या स्मरणिकांमध्ये सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, कारण इथे ‘अलायन्स’ नावाची तीन वेगवेगळी मिशनं होती.

पहिलं स्वीडिश अलायन्स मिशन. मूळ स्वीडनमधल्या योन्शॉपिंगचं, कामाचं क्षेत्र पश्चिम खान्देश. दुसरं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्थापन केलेलं, म्हणजे माणसं स्कँडिनेव्हियन वंशाची आणि संस्था अमेरिकन. १९४९ मध्ये तिचं नाव बदलून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झालं, त्यालाच आपण ‘टीम’ म्हणतो. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ मध्ये याच मिशनने सुरू केलं. तिसरं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. त्याचं मुख्य क्षेत्र वऱ्हाड, अकोल्याच्या बाजूचं, पण भुसावळपर्यंत त्याचा वावर होता.

वयस्क माणसं तिघांनाही ‘अलायन्स’ म्हणतात आणि सगळ्या गोऱ्या माणसांना ‘साहेब’. म्हणून आठवणीतून आलेलं नाव कागदाशी ताडून घ्या. खरेदीखतावरचं किंवा भाडेपट्ट्यावरचं पूर्ण नाव हाच निकाल. १९४९ च्या आधीच्या घटनेला ‘टीम’ हे नाव लावलेलं दिसलं, तर ते वाक्य कोणीतरी नंतर लिहिलेलं आहे हे समजून घ्या.

स्थापनेचं वर्ष कोणतं धरायचं? आमच्याकडे चार वेगवेगळी वर्षं निघाली.

चारही बरोबर असू शकतात. जमीन ताब्यात आली ते एक वर्ष, पहिली सभा भरली ते दुसरं, कोनशिला बसली ते तिसरं, ट्रस्टची नोंदणी झाली ते चौथं. यांत दहा-वीस वर्षांचं अंतर पडणं अगदी नेहमीचं. कित्येक ठिकाणी झाडाखाली वर्षानुवर्षं सभा भरत आणि भिंत फार उशिरा उभी राहते.

यातलं नोंदणीचं वर्ष स्थापनेचं म्हणून मुळीच धरू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे. त्याआधीच्या संस्थांचीही त्याखाली नंतर नोंदणी झाली. त्यामुळे धर्मादाय कार्यालयाच्या दाखल्यावर पन्नासच्या दशकातली तारीख दिसते आणि तरुण मंडळी तीच पहिली समजतात.

आमचं मत विचाराल तर पहिल्या सभेचं वर्ष धरावं आणि बाकी तिन्ही तारखा त्याच परिच्छेदात नाव घेऊन द्याव्यात. केंद्र म्हणजे माणसं जमणं. इमारत त्यानंतरची.

जमिनीची जुनी कागदपत्रं काढायची कशी?

आजच्या सातबाऱ्यापासून मागे मागे जायचं. उलट दिशेने गेलात तर हाती काही लागत नाही.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ काढा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, त्यांची यादी करा. मग प्रत्येक फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ मधल्या नोंदीची, नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागा. स्कॅन झालेले जुने अभिलेख ऑनलाइनही मिळतात, आधी तिथे बघा, एखादी फेरी वाचते. ज्या फेरफाराने मिशनचं नाव पहिल्यांदा लागलं, त्यात व्यवहाराचा प्रकार असतो : खरेदी, बक्षीस की भाडेपट्टा. नोंदणीकृत दस्त असेल तर त्याची तारीख आणि क्रमांक घेऊन दुय्यम निबंधकाकडे जा, सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्तांची यादी) बघा आणि मूळ दस्ताची प्रमाणित प्रत मागा.

ही साखळी कुठे तुटते तेही ठरलेलं आहे. एक, सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं की जुने फेरफार क्रमांक गळतात. अशा वेळी पुनर्लेखनाच्या आधीचा, हाताने लिहिलेला सातबारा मागायचा. दोन, जमिनींचं एकत्रीकरण. जुन्या दस्तात सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या उताऱ्यात गट नंबर. दोन्ही आकडे निराळे, म्हणून ‘ही आपली जमीन नव्हेच’ असा गैरसमज होतो. एकत्रीकरण योजनेचा उतारा, ज्याला बोलताना ‘नऊ तीन, नऊ चार’ म्हणतात, तो काढला की जुना नंबर आणि नवा नंबर समोरासमोर दिसतात. तीन, नावं. जमीन मिशनच्या नावावर नसून एखाद्या साहेबाच्या नावावर असते आणि तलाठ्याने ते नाव कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. योहानसनचं जानसन, कधी जान्सू. उच्चार धरून शोधा, शुद्धलेखन धरून नको.

मोडीतला कागद निघाला तर अंदाजाने वाचू नका. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांतून तयार झालेले वाचक मिळतात. शके दिलं असेल तर इसवी सनासाठी गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९.

जागा ‘एका भाविकाने दान दिली’ असं सगळे सांगतात. तसं छापावं का?

दस्त बघितल्याशिवाय नको. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच पुरं होतं, तोंडी दानाला कायद्यात जागा नाही. कागद काढल्यावर अनेकदा ते दान नसून स्वस्तात दिलेली खरेदी किंवा सरकारी पडीची भाडेपट्ट्याने मिळालेली जमीन निघते.

नंदुरबारच्या बाजूला आणखी जपायला हवं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे परवानगी लागते. स्मरणिकेतलं भावनेच्या भरात लिहिलेलं एक वाक्य पुढे दाव्यात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. अशा जागेचा मजकूर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

दस्तात ५.२० एकर आहे, सातबाऱ्यावर सव्वादोन हेक्टरच्या आसपास. जमीन वाढली कशी?

वाढली नाही. ५.२० म्हणजे पाच पूर्णांक दोन नव्हे, तर ५ एकर २० गुंठे. एकरात ४० गुंठे, म्हणून ती साडेपाच एकर. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, तेव्हा साडेपाच एकराचे २ हेक्टर २२.५८ आर होतात. एवढ्यावरून कोणी अतिक्रमणाचा संशय घेऊ नये.

हिशेबाच्या वह्यांतून इतिहास काय निघणार?

सगळ्यात जास्त तिथूनच निघतो. सभावृत्तात ठराव असतात, हिशेबात खरं काय झालं ते असतं.

आधी वाचायची रीत. १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या वहीत ५-८-० म्हणजे ५ रुपये ८ आणे ० पै. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. म्हणजे ती रक्कम साडेपाच रुपये, पाच रुपये ऐंशी पैसे नव्हे. धान्य मण-शेरात असतं. सरकारी मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलो. जुन्या वहीत स्थानिक मण असू शकतो आणि तो गावागणिक बदलायचा, म्हणून त्याच वहीत ‘शेर’ आणि ‘पायली’ यांचे भाव कसे लावलेत ते ताडून बघा.

आता उपयोग. सभेला किती माणसं आली हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं आणि आठवणीतला आकडा दरवर्षी फुगत जातो. समजा तीन दिवसांच्या सभेसाठी १० मण ज्वारी दळून आणली. म्हणजे ३७३ किलो. भाकरी हेच मुख्य जेवण असेल, तर मोठं माणूस दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम धान्य खातं, तीन दिवसांत १.२ ते १.५ किलो. म्हणजे २५० ते ३१० माणसं जेवली. ‘हजारो लोक आले होते’ हे वाक्य इथे आपोआप गळतं. मात्र एक दिवस पोळ्या किंवा भात झाला असेल तर गहू-तांदूळ त्यात मिळवा. जवळच्या गावचे लोक शिदोरी बांधून येत, तेही ध्यानात घ्या.

सरपण, गॅसबत्तीचं रॉकेल, मांडवाचे बांबू, विहिरीचा गाळ काढण्याची मजुरी या नोंदी सोडू नका. विहीर खोल केल्याचा खर्च, पुढे इंजिन, पुढे बोअर अशी ओळ लावली की केंद्र कोणत्या वर्षी किती माणसांना पुरत होतं ते कळतं. मुक्कामाच्या शिबिरात पिणं, स्वयंपाक, आंघोळ आणि संडास धरून माणशी ४५ लिटर पाणी तरी लागतंच. ३०० माणसांना रोज १३,५०० लिटर. दहा हजारांचा टँकर संध्याकाळी कोरडा पडतो. मेमध्ये विहीर तळाला गेली की शिबिर का गुंडाळावं लागलं, याचं उत्तर सभावृत्तात नसतं, टँकरच्या पावत्यांत असतं.

मजुरीच्या पानांवर आणखी एक गोष्ट सापडते : नावं. स्वयंपाकी, गाडीवान, पाणक्या, बायबलबाई (घरोघर जाऊन बायबल सांगणारी बाई). कोनशिलेवर यांपैकी कोणीच नसतं.

सभेच्या तारखा मध्येच बदललेल्या दिसतात. काही वाद झाला होता का?

वादापेक्षा पोटापाण्याचं कारण आधी तपासा. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा भागातली कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. या काळात सभा ठेवली तर मांडव ओस पडतो. जळगाव-भुसावळकडे प्रश्न उन्हाचा. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी शाळेच्या सुट्टीमुळे तरुणांचं शिबिर त्याच महिन्यात घ्यावं लागतं. कापसाची वेचणी चालू असेल तर शेतकरी मंडळी येणार नाहीत, हे तर सांगायलाही नको.

जागेची निवडही अशीच वाचा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरची नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही स्थानकं नकाशावर मांडा आणि तुमचं केंद्र सर्वांत जवळच्या स्थानकापासून बैलगाडीने किती लांब पडतं ते मोजा.

मिशनरींच्या पत्रांतल्या तारखा जुळत नाहीत.

स्वीडिश माणूस ५/६ लिहितो तेव्हा ती ५ जून असते. अमेरिकन माणसाने लिहिलं तर ६ मे. खान्देशात दोघेही होते आणि नावं दोघांचीही स्कँडिनेव्हियन, त्यामुळे पत्राखालच्या सहीवरून काही ठरत नाही. पत्रात पावसाचा, आंब्याचा किंवा नाताळाचा उल्लेख आहे का ते बघा. एकाच माणसाच्या चार-पाच पत्रांत १२ पेक्षा मोठा आकडा कुठल्या जागी येतो तेही बघा. पहिल्या जागी आला तर दिवस आधी, दुसऱ्या जागी आला तर महिना आधी.

छापील मजकूर हवा असेल तर ‘ज्ञानोदय’चे जुने अंक चाळा. हे मराठी नियतकालिक १८४२ पासूनचं. सभांच्या बातम्या, नेमणुका आणि मृत्युलेख त्यात मिळतात.

जिल्ह्याचं नाव काय लिहायचं?

घटनेच्या वेळी जे होतं ते, आणि पहिल्यांदा येईल तिथे आजचं नाव. १९०६ पर्यंत एकच खान्देश जिल्हा, मुख्य ठाणं धुळ्याला. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम खान्देश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगाव आणि धुळे. नंदुरबार १ जुलै १९९८ पासून वेगळा. म्हणून ‘१९३५ साली नंदुरबार जिल्ह्यात’ हे चूक. एक आडवळण : १९५६ पर्यंत बुलढाणा आणि अकोला मध्य प्रदेशात होते आणि जळगाव मुंबई राज्यात. मलकापूरकडून भुसावळच्या सभेला येणारा माणूस तेव्हा राज्याची सीमा ओलांडत होता. सरकारी पत्रव्यवहार शोधताना हे विसरलात तर चुकीच्या दप्तरात शोधत बसाल.

आजी-आजोबांच्या मुलाखती घेताना काय पाळावं?

साल विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ ‘तुमचं लग्न झालेलं होतं का?’ ‘उकाई धरणाचं पाणी आलं होतं का?’ असं विचारा. ज्या भाषेत आजी बोलते त्याच भाषेत रेकॉर्डिंग घ्या, मग ती अहिराणी असो, मावची असो की पावरी. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की माणूस आखडतो आणि उपदेश करू लागतो. घरातल्या दोघांना एकत्र बसवू नका, दुसरा पहिल्याचीच री ओढतो. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नको. एखादी घटना दोन वेगवेगळ्या घरांतून आली किंवा कागदाने दुजोरा दिला तरच विधान म्हणून लिहा, नाहीतर ‘अशी आठवण सांगतात’ म्हणा.

जुन्या फोटोंचं काय करायचं?

सेलोटेप काढायला जाऊ नका, वरचा थर निघून येतो. मागे काही लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतो. स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मोबाइलने काढायचाच असेल तर सावलीत, फ्लॅश बंद ठेवून. ओळीत उभ्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहा. ओळख पटत नाही तिथे जागा मोकळी ठेवा, अंदाजाने नाव टाकू नका.

बाप्तिस्मा रजिस्टरची पानं छापली तर चालतील का?

नाही. मोजदाद करून वर्षवार आकडे द्या, पण नावांचं पान छापू नका. हयात माणसांची, त्यांच्या आईवडिलांची आणि मूळ गावाची माहिती त्यात असते. ती प्रसिद्ध झाल्याचा त्रास त्या घराला होतो, स्मरणिका काढणाऱ्याला होत नाही. लग्नाच्या रजिस्टरांना १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार आहे. ती मूळ रजिस्टरं कोणालाही घरी नेऊ देऊ नका.

मंडळी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. ते लिहायचं?

लिहायचं, चार ओळींत. कोणत्या वर्षी, कशावरून, निकाल काय लागला. विश्वस्त बदलल्याच्या नोंदी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालच्या बदल अर्जांत मिळतात आणि मिळकत विकायची परवानगी त्याच कायद्याच्या कलम ३६ खालच्या आदेशांत. आदेशातलीच भाषा वापरा. विशेषणं गाळा. प्रकरण अजून चालू असेल तर ‘न्यायप्रविष्ट’ एवढं पुरे.

कोनशिलेवरची अक्षरं झिजली आहेत. ॲसिडने धुवावी का?

मुळीच नको. उरलंसुरलं तेही जाईल. खडूने किंवा तेलरंगाने अक्षरं भरूही नका, भरणारा स्वतःला दिसलं तसं भरतो आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं. अंधार पडल्यावर जा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, म्हणजे खोदकामाच्या सावल्या पडतील. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो मोबाइल न हलवता काढा. वरून चुना बसला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झटका. ३ आणि ८ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. दोन्ही वाचनं लिहून ठेवा आणि हिशेबाच्या वहीत गवंड्याची मजुरी कोणत्या वर्षी पडली आहे ते बघा.